कडी कोणी घातली

सत्यभामा खंडागळेला दिशा कळत नाहीत, हे कोर्टात सिद्ध झालं होतं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मालनबाईनं, तिच्या आईनं, शेजारणीची निळी साडी मागून आणून तिला नेसवली होती, आणि पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिच्या पायात त्या साडीचा घोळ अडकत होता.

प्रकरण अठ्ठ्याहत्तर सालचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव तिकडं मुंबईत झाला आणि इकडं मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटल्या. सत्यभामाचं गाव वैजापूरच्या पलीकडं, वीस-पंचवीस उंबऱ्यांची त्यांची वस्ती. त्या दिवशी मालनबाई खुरपायला गेली होती. बाप सखाराम तापानं फणफणून घरात पडला होता. अकरा वर्षांची सत्यभामा शेण गोळा करून परत आली आणि घरासमोरच्या चिंचेखाली पोचली, तोवर वरच्या आळीची माणसं वस्तीत शिरली होती. ती खोडाआड दडली. तिथून तिनं जे पाहिलं ते नीट पाहिलं. अप्पाराव विहिरीच्या काठावर काठी घेऊन उभा होता, कोणी पाणी काढू नये म्हणून. नानासाहेब पाटील आळीच्या तोंडाशी हात मागं बांधून बघत होता. आणि सर्जेराव, बावीस-तेवीस वर्षांचा, पांढऱ्या पायजम्यातला, त्यांच्या दारापाशी गेला, दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि कडीत बाभळीची काटकी खोचली. मग धूर आला, आणि पळापळीत तिला पुढचं दिसलं नाही.

सखाराम वाचला. मुंजाबा धनगरानं मागच्या बाजूनं पहार घालून मातीची भिंत फोडली आणि त्याला ओढून काढलं. पण जळतं दार ढकलून ढकलून त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

कोर्टात मुंजाबा आला नाही. मेंढरं घेऊन लांब गेलाय म्हणून सांगितलं. उरली सत्यभामा. समोरच्या वकिलानं आवाज एकदम मऊ केला.

"बाळ, तू कुठं उभी होतीस?"

"चिंचेखाली."

"चिंच घराच्या कोणत्या दिशेला? पूर्वेला की पश्चिमेला?"

खोलीत ऊन नव्हतं. खिडकीला हिरवा पडदा होता. सूर्य कुठून येतो हे तिला कळेना. तिनं आईकडं पाहिलं तर न्यायाधीश साहेबांनी दटावलं. ती म्हणाली, "पश्चिमेला."

"आणि तुमच्या घराचं दार?"

हे तिला माहीत होतं. बाप रोज दारात बसून कोवळं ऊन खायचा. "पूर्वेला."

वकील साहेबांकडं वळला. "म्हणजे या मुलीला घराच्या आरपार दिसतं, साहेब."

सगळे हसले. पट्टेवालासुद्धा हसला. आरोपींच्या बाकावर सर्जेराव इतका हसला की त्याला खोकला आला. पुढच्या महिन्यात सगळे सुटले.

सखाराम त्यानंतर चार वर्षं जगला. त्याला भाकरी मोडता यायची नाही, सदऱ्याची गुंडी लावता यायची नाही. सत्यभामा लावून द्यायची. तोवर ते शहरात छावणीजवळ भीमनगरात येऊन राहिले होते, मालनबाई छावणीच्या बाजारात पालेभाजी विकायची. बाप कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं सत्यभामाला वाटे. विंचू काडेपेटीत घालून ती पेटी खिशात बाळगावी, तसं सर्जेराव हे नाव तिनं मनात बाळगलं होतं. अधूनमधून उघडून बघायचं, जिवंत आहे ना. असायचं.

*

तिनं बारावी केली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि अठ्ठ्याऐंशी साली वाळूजला स्कूटरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. तेव्हा वाळूजला रोज नवा पत्र्याचा शेड उभा राहत होता. सकाळी कंपनीच्या बसमधून जाताना कालचं ज्वारीचं रान आज कुंपणात गेलेलं दिसायचं. वर्षभरानं कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची केबिन, थंड हवेचं मशीन, आणि बाहेर पाटी : चपला काढून आत यावे. सिनियर टायपिस्टनं डोळे दुखतात म्हणून नकार दिला, म्हणून ते काम सत्यभामाकडं आलं. मालाची आवक, मालाची जावक, कामगारांची हजेरी. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.

मशीनच्या दुरुस्तीला पुण्याहून बद्रीनाथ नावाचा इंजिनियर महिन्यातून एकदा यायचा. एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये त्यानं काम संपवलं आणि बॅगेतून एक मोठी फ्लॉपी काढली.

"मॅडम, जेवणाच्या सुट्टीत बघा. खेळ आहे."

खेळ म्हणजे गाड्या, गोळीबार असलं काही असेल असं तिला वाटलं. पडद्यावर नुसती चार ओळींची इंग्रजी आली. तुम्ही एका किल्ल्याच्या दाराशी उभे आहात. उत्तरेला जिना आहे. पूर्वेला दाट झाडी. जमिनीवर एक कंदील पडला आहे. आणि खाली एक लुकलुकणारी रेघ.

"आता काय करायचं?"

"तुम्हाला वाटेल ते. तुम्ही तिथं उभ्या आहात असं समजा. काय कराल?"

तिनं शाळेतलं इंग्रजी आठवून सावकाश टाइप केलं : कृपया मला सांगा हा किल्ला कोणाचा आहे. मशीननं उत्तर दिलं, मला समजलं नाही. तिनं पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. मला समजलं नाही. तिचे कान तापले.

बद्रीनाथ हसला नाही. "त्याला फक्त दोन शब्द कळतात. काय करायचं आणि कशाला. घे कंदील. उघड दार. जायचं असेल तर नुसती दिशा सांगा. आणि कुठंही गेलात की आधी 'बघ' म्हणा."

तिनं कंदील घेतला. घेतला, असं मशीन म्हणालं. ती उत्तरेला गेली, जिना चढली, एका अंधाऱ्या खोलीत शिरली आणि खड्ड्यात पडून मेली. तुम्ही मेलात. पुन्हा खेळायचं?

"कंदील पेटवला नाही तुम्ही," बद्रीनाथ म्हणाला. "नुसता घेऊन काय उपयोग?"

त्या आठवड्यात ती सव्वीस वेळा मेली. पण त्यात तिला एक गोष्ट हळूहळू उमगली. मशीन हसत नाही. चुकलं तर ते एवढंच म्हणतं की समजलं नाही, आणि मॅनेजर साहेबांनी टाइप केलं तरी तेच म्हणतं. दुसरं असं की प्रत्येक मरणातून काहीतरी हाती लागतं. पूर्वेच्या झाडीत साप आहे हे एकदा मेल्यावर कळलं की तिथं जाताना हातात काठी घ्यायची. बद्रीनाथनं पुढच्या खेपेला तिला आणखी एक शिकवलं : नकाशा काढायचा. रद्दीतल्या लांबलचक छापील कागदाच्या मागच्या बाजूला प्रत्येक खोलीचा एक चौकोन, चौकोनातून चार रेघा.

"वर उत्तर, खाली दक्षिण. उजवीकडं पूर्व," तो म्हणाला. "तुमचं हे उलटं झालंय बघा. पूर्व आणि पश्चिम."

सत्यभामानं खोडरबर घेतलं आणि तो चौकोन इतका खोडला की कागदाला भोक पडलं. त्या दिवसापासून तिची चूक झाली नाही. बसमध्ये बसली की ती मनात म्हणायची, आता बस पश्चिमेला वळली, आता दक्षिणेला. दोन महिन्यांत तिनं किल्ल्यातल्या एकूण एक खोल्यांचा नकाशा काढला आणि खेळ जिंकला. शेवटी पडद्यावर शाबासकीची एक ओळ आली. ती वाचून तिला विशेष काही वाटलं नाही. किल्ला परक्याचा होता.

*

ब्याण्णवच्या जूनमध्ये स्टोअरला नवा इनचार्ज आला. मालाच्या चिठ्ठ्या घेऊन तो केबिनच्या दाराशी आला, बूट काढले, आणि वाकून आत येत म्हणाला, "नमस्कार मॅडम. मी सर्जेराव. लई ऐकलंय तुमच्याबद्दल, कॉम्प्युटरवाल्या मॅडम."

पोट सुटलं होतं, कानावरचे केस पिकले होते. पण आवाज तोच होता. बाकावरून हसणारा. सत्यभामानं चिठ्ठ्या घेतल्या. मोजून मशीनशेजारी ठेवल्या.

त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? गावात त्यांना आडनाव कोणी विचारलं नव्हतं. सखारामची पोरगी, सत्ती, एवढंच. खंडागळे हे आडनाव शहरात शाळेत घालताना लागलं. "गाव कोणतं मॅडम तुमचं?" त्यानं विचारलं. "छावणी," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं. मालनबाई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्यानं वळखलं?"

"नाय."

"मंग गप ऱ्हा," मालनबाई म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडू लागली. पण त्या जुडीतली पानं कचऱ्याच्या टोपलीत आणि देठं परातीत पडत होती.

सत्यभामा गप्प राहिली. पाच महिने तिनं त्याच्या चिठ्ठ्या घेतल्या, त्याचे पेढे घेतले आणि कागदात बांधून बसच्या खिडकीतून फेकले. माणूस वाईट वागत नव्हता, हीच अडचण होती. कोणाच्या घरी आजारपण असलं की रजा मिळवून द्यायचा. प्रेस शॉपमधला रशीदभाई तर म्हणायचा, "बडे दिलवाला आदमी है, म्याडम."

हिवाळ्यात एकदा कँटीनमध्ये नामांतराचा विषय निघाला. शहरात पुन्हा मोर्चे सुरू झाले होते. टेबलाभोवती सात-आठ जण होते, सत्यभामा शेजारच्या टेबलावर चहा पीत होती. सर्जेराव बशीत चहा ओतत म्हणाला, "अहो, आमच्यावर बी केस झाली व्हती अठ्ठ्याहत्तरला. खोटी. त्यांनी कोर्टात एक पोरगी उभी केली. वकिलानं विचारलं, पूर्व कुठं, तर म्हणती पश्चिमेला! घराच्या आरपार दिसतं तिला!" आणि तो हसला. तसाच, खोकला येईपर्यंत. टेबलावरचे एक-दोघं हसले. बाकीचे चहात बघत राहिले.

सत्यभामानं कप खाली ठेवला. आपण माणूस जाळला हे एखाद्याला माहीत असतं आणि तो ते जन्मभर लपवतो, एवढं ती समजू शकली असती. पण ह्यानं त्याची गंमत करून ठेवली होती. पाव्हण्यांना सांगायची गंमत.

त्या दुपारी तिनं कपाटातून मशीनसोबत आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. प्रोग्रॅम कसे लिहायचे याचं.

*

तीन महिने लागले. जेवणाचा डबा उघडा, एका हातात पोळीचा घास आणि दुसरा हात पुस्तकावर. ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस. असं असेल तर असं छाप, नसेल तर पुढं जा. किल्ल्याच्या खेळातली सगळी हाडं तिला ठाऊक होती. आता तिला ती स्वतः बसवायची होती. तिचा खेळ मराठीत होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. त्यात पहिली अडचण अशी आली की इंग्रजीत 'उघड दार' म्हणतात, मराठीत 'दार उघड'. मशीन पहिल्या शब्दात क्रिया शोधायचं आणि अडायचं. तिनं त्याला शेवटच्या शब्दाकडं बघायला शिकवलं. फोन करून तिनं बद्रीनाथला एवढीच अडचण विचारली होती. "कसला खेळ आहे?" त्यानं विचारलं. "एक घर आहे," ती म्हणाली.

दरम्यान तिनं सर्जेरावला खेळायला शिकवलं. हे काम तिनं फार सबुरीनं केलं. किल्ल्याचा खेळ आधी तिनं त्याला नुसता दाखवला. मग बद्रीनाथनं तिला शिकवलं तसंच, एकेक. दोनच शब्द लिहा. कुठंही गेलात की आधी बघा. हातात काय आहे ते विसरू नका. अडलात तर समोरच्या प्रत्येक वस्तूचं नाव घेऊन बघा. तो लहान मुलासारखा रमला. जेवण लवकर उरकून बूट काढून येऊन बसायचा. साप मारला तेव्हा टाळ्या पिटल्या. त्याच्यामागं रशीदभाई आणि स्टोअरचे तिघं-चौघं उभं राहून बघू लागले. ती त्याच्या खांद्यामागून म्हणायची, "सर्जेरावभाऊ, घाई करू नका. वाचा नीट." आणि तो म्हणायचा, "व्हय मॅडम."

मार्च त्र्याण्णवमध्ये, एका बुधवारी, तिनं सांगितलं, "नवा खेळ आलाय. मराठीत आहे."

केबिनमध्ये त्या दिवशी नऊ माणसं होती. सर्जेराव खुर्चीत बसला, बाह्या सावरल्या. तिनं फ्लॉपी घातली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

*तू घरात आहेस. तुला ताप आहे. घराला एक दार आहे. बाहेर माणसांचा आवाज येतोय.*

"अरे वा, मराठी!" तो खुश झाला. शिकवल्याप्रमाणे त्यानं आधी लिहिलं, बघ.

*मातीच्या भिंती. गवताचं छप्पर. छपरातून धूर येतोय.*

दार उघड.

*बाहेरून कडी आहे.*

"आयला, आरंभालाच अडकवलं." मागचे हसले. तो वस्तूंची नावं घेऊ लागला. खिडकी उघड. *खिडकी नाही.* पाणी घे. *पाणी विहिरीत आहे. विहिरीवर काठी घेऊन माणूस उभा आहे.* हाक मार. *बाहेर सगळ्यांना ऐकू येतंय.* दार ढकल. *दार गरम आहे. तुझे हात भाजले.* दार ढकल. *तुझे हात भाजले.*

"म्याडम, इसमें रास्ता कैसा निकलता?" रशीदभाईनं विचारलं.

"नीट वाचत राहा," सत्यभामा म्हणाली. "येईल."

सर्जेराव आता खुर्चीत पुढं सरकून बसला होता. पडद्यावर नवी ओळ आली.

*कडी कोणी घातली? नाव सांग. नाव बरोबर असेल तर दार उघडेल.*

 त्याची बोटं कळांवर थांबली. मागून कोणी म्हणालं, "टाका ना भाऊ कायतरी." मग त्यानं एकेक अक्षर शोधत एक नाव लिहिलं. का लिहिलं, ते तोच जाणे. कदाचित खेळात दुसरं काही असेल, आपल्याला उगाच भास होतोय, हे पडताळून बघायला. त्यानं लिहिलं : अप्पाराव.

*नाही. अप्पाराव विहिरीवर होता.*

त्याच्या मानेवर घाम दिसू लागला. थंड हवेचं मशीन घरघरत होतं. त्यानं लिहिलं, नानासाहेब.

*नाही. नानासाहेब आळीच्या तोंडाशी उभा राहून बघत होता.*

"ये कौन लोगां हैं?" रशीदभाई म्हणाला. "भाऊ, तुमको नाम कैसे मालूम?"

कोणी हसलं नाही. सर्जेरावनं तिसरं नाव लिहिलं, घाईनं, चुकत, पुन्हा लिहीत. मुंजाबा.

*नाही. मुंजाबानं भिंत फोडून माणूस वाचवला. मग कोर्टात आला नाही.*

*छप्पर खाली येतंय. एक नाव राहिलं.*

नऊ माणसं त्या ओळीकडं बघत होती. कोर्टात तीन वर्षांत जे सिद्ध झालं नव्हतं, त्यातली नावं ह्या माणसानं पाच मिनिटांत आपल्या बोटांनी एकामागून एक लिहून दिली होती. आता एकच उरलं होतं. सर्जेराव सावकाश मागं वळला. भिंतीला टेकलेल्या बाईकडं त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तू सखारामची..."

"व्हय," ती म्हणाली. गावची बोली तिच्या तोंडात आपोआप आली. "सत्ती. आन् चिंच पूर्वेला व्हती. दारासमोर. मी तिथनं समदं बघितलं."

त्यानं हात लांब करून मशीनचं बटण बंद केलं. मग उठला आणि बूट न घालता, मोज्यांवरच, शॉपमधून चालत गेला.

*

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी तिला बोलावलं. कंपनीच्या यंत्रावर खासगी उद्योग केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि तिला केबिनमधून काढून डिस्पॅचला, लोडिंगच्या धुळीत बसवलं. ती गेली. पण फ्लॉपी मॅनेजरांनी मागायच्या आधीच रशीदभाईनं सत्यभामाकडून तिची नक्कल करून घेऊन आपल्या भाच्याला दिली होती, आणि तो दुसऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर होता. दिवाळीपर्यंत वाळूजमध्ये किती मशीनवर ते घर जळत होतं याची मोजदाद कोणी केली नाही. माणसं अडली की फोन करायची, किंवा डबा खाताना विचारायची, नाव काय टाकायचं? आणि सत्यभामा सांगायची. पूर्ण नाव, गाव, आणि आता तो कुठल्या कारखान्यात स्टोअरला आहे तेही.

सर्जेरावला लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही. पण तो कँटीनच्या टेबलावर बसला की टेबल हळूहळू रिकामं व्हायचं. गेटवर कोणीतरी खडूनं कडी काढून ठेवायचं. स्टोअरच्या दाराला कुलूप लावताना मागून कोणी तरी सहज विचारायचं, "भाऊ, आत कोणी ऱ्हायलं नाय ना?"

डिसेंबरात त्यानं तिला बस थांब्यावर गाठलं. वजन उतरलं होतं. आजूबाजूला पाळी सुटलेली माणसं होती, म्हणून तो खालच्या आवाजात बोलला.

"माझ्या पोरीचं लग्न ठरत व्हतं. पाव्हण्यांच्या कानावर गेलं. मॅडम, ते नाव काढा. पाया पडतो."

"कोर्टात जाऊन सांगा, कडी मी घातली."

"केस कवाच बंद झाली."

"मग माझ्या आईसमोर सांगा. मग काढते."

तो खरंच आला. रविवारी सकाळी, भीमनगरात, पत्ता विचारत विचारत. मालनबाई अंगणात बसली होती. तो दिसल्यावर ती उठली नाही आणि तिनं त्याला बसही म्हटलं नाही. शेजारच्या बाया दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. सर्जेरावनं टोपी काढली.

"मावशे, कडी म्या घातली व्हती."

"ठावं हाय," मालनबाई म्हणाली. "पोरीनं तवाच सांगितलं. काडी कोणी लावली?"

सत्यभामा दारात उभी होती. हा प्रश्न तिला पंधरा वर्षांत सुचला नव्हता. धुरानंतर तिला काही दिसलं नव्हतं, आणि आग गर्दीनं लावली असं तिनं धरून ठेवलं होतं.  मालनबाईनं पुन्हा विचारलं नाही. ती नुसती वाट बघत बसली.

"ती बी मीच," तो शेवटी म्हणाला.

मालनबाईनं मान हलवली. "जा आता," ती म्हणाली. एवढंच. तो टोपी हातातच धरून गल्लीतून गेला, आणि बाया त्याला वाट देण्यासाठीसुद्धा हलल्या नाहीत. त्याला त्यांच्यामधून अंग चोरून जावं लागलं.

सोमवारी सत्यभामानं जेवणाच्या सुट्टीत रशीदभाईच्या भाच्याच्या कारखान्यात जाऊन मशीन मागून घेतलं. नाव काढायचा शब्द तिनं दिला होता, आणि तो मोडायला तिला एक क्षणही लागला नाही. नाव तिनं तसंच ठेवलं. उलट खेळ पुढं वाढवला. आता बरोबर नाव टाकलं तरी दार उघडत नव्हतं. मशीन आणखी एक प्रश्न विचारायचं, आग कोणी लावली, आणि त्याचं उत्तरही तेच होतं. भाचा शेजारी उभा राहून बघत होता. त्यानं विचारलं, "दोनों को एकच नाम?"

"व्हय," ती म्हणाली. "नवी फ्लॉपी सगळ्यांना वाट. जुनी परत घे."

सर्जेरावनं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नोकरी सोडली. गावाकडं गेला असं कळलं. त्याच महिन्यात, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाला नाव लागलं, आणि भीमनगरात निळा गुलाल उधळला गेला. मालनबाई नाचली नाही, पण मिरवणुकीसोबत पार विद्यापीठाच्या गेटपर्यंत चालत गेली, सत्तर वर्षांच्या पायांनी. सत्यभामा तिच्याबरोबर होती. परतताना आईनं विचारलं, "त्याच्या पोरीचं लगीन झालं का गं?"

"मोडलं म्हणतात."

 "तिनं काय केलं व्हतं?" मालनबाई म्हणाली.

 सत्यभामानं आईचा हात धरून तिला रस्ता ओलांडून नेलं. पलीकडं कोणीतरी पाणी वाटत होतं. दोघींनी ते घेतलं आणि गर्दीतून वाट काढत त्या घराकडं निघाल्या. त्या फ्लॉपीतलं नाव सत्यभामानं पुढंही कधी काढलं नाही.